बिनसाक्षीचा पंख

भालूकाकांनी विमान सोडलं आणि ते चार-पाच पावलांवर जाऊन नाकावर आपटलं. लाकूड मोडल्याचा कोरडा आवाज आला. मी सवयीने हसायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं, कारण दुसरं कुणीच हसलं नव्हतं.

पूर्वी विमान पडलं की माळभर ओरडा व्हायचा. "नांगरट झाली हो, आता पेरणी कधी?" असं कुणीतरी म्हणायचंच, आणि ज्याचं पडलं तो सगळ्यांत मोठ्याने हसायचा. आज माळावर वीस-बावीस माणसं होती. सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितलं. पंगतीत वाढप्याचा तोल गेला की बाकीचे आपापल्या पानात बघतात, तसं.

मिरजेच्या विमान मंडळात मी सहा वर्षांनी परत आले होते. दहावीपासून बी.एस्सी. होईपर्यंत दर रविवारी सकाळी मी या माळावर असायचे. आमची विमानं म्हणजे हातभर लांबीची ग्लायडर. इंजिन नाही, रिमोट नाही. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं अंग, बांबूच्या कामट्यांच्या फासळ्या, त्यावर पतंगाचा कागद. एकदा हातातून सुटलं की विमान आणि हवा, तिसरं कुणी नाही. हे सगळं मला शिकवलं भालचंद्र हेरवाडकरांनी, म्हणजे भालूकाकांनी. आयटीआयमध्ये ते टर्नर विभागाला शिकवायचे आणि रविवारी आम्हाला.

आता माळ बदलला होता. डिंकाचा वास नव्हता, मोडक्या पंखांचा ढीग नव्हता, विमानामागे ढेकळांतून धावणारं कुणी नव्हतं. लोक खुर्च्या टाकून बसले होते. डोक्यावर विमानं संथ गोल फिरत होती, आणि ज्याचं त्याच्यापाशी येऊन अलगद उतरत होती. एका बाईंनी फोनवर बोलता बोलता, न बघता, भाजीची पिशवी टाकावी तसं विमान फेकलं. तेही सुरेख उडालं.

"स्वरूपाताई ना? मगदूमांच्या?" मंडळाचा नवा सचिव प्रज्वल धावत आला. "तुम्ही त्या फिल्मच्या टीममध्ये होतात ना? अहो, तुमच्यामुळे मंडळ वाचलं. अकरा मेंबर उरले होते, आता एकशे चाळीस आहेत!"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

*

ती फिल्म काय आहे ते सांगायला हवं.

काही प्लास्टिकं अशी असतात की ती वाकवली की त्यांच्या दोन पृष्ठांमध्ये थोडा विद्युतदाब तयार होतो. उलटंही होतं: विद्युतदाब दिला की ती आपणहून वाकतात. म्हणजे एकच पदार्थ कातडीसारखा जाणवून घेतो आणि स्नायूसारखा हलतो. पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत मी एम.एस्सी.नंतर चार वर्षं काम केलं, तिथे आम्ही अशा प्लास्टिकचा कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ पडदा बनवला. त्यात तिळाएवढी चिप आणि उन्हावर भारित होणारा एक थर बसवला. विमान हातातून सुटताच, डोळ्याची पापणी लवते त्याच्या आत, पंख किती आणि कुठे वाकले यावरून फिल्मला कळतं की फेक कशी झाली. मग ती पंखाचा मागचा काठ किंचित वळवते. ग्लायडर इतकं हलकं असतं की अर्ध्या अंशाचा वळही त्याला पुरतो.

किती वळवायचं हे फिल्मला शिकवावं लागलं, आणि त्यासाठी वाईट फेकी हव्या होत्या. त्या गोळा करणं हे माझं काम. शाळांत जायचे, लोकांच्या हातांत विमान द्यायचे, म्हणायचे, "फेका हो कशीही." चांगली फेक आम्हाला निरुपयोगी होती. जितकी फेक वाकडी, तितकी फिल्म शहाणी होत गेली. शेवटी अशी वेळ आली की तिला चुकवेल अशी फेक आम्हाला सापडेना. आम्ही केक कापला, आणि फिल्म चढवलेली ग्लायडर बाजारात आली.

पुढचा टप्पा ठरला होता: न सांडणारे चमचे, न थरथरणारी पेनं, तोल सांभाळणाऱ्या काठ्या. मी मात्र पीएचडीला निघाले होते, आणि त्याआधीचे तीन महिने घरी मिरजेत काढणार होते. येताना फिल्मचा एक गुंडाळा बॅगेत होता. प्रयोगशाळेतला, चाचणीचा.

*

मी भालूकाकांच्या विमानाचे तुकडे गोळा केले. त्यांच्या शेजारी सलीमचाचा उभे होते. चाचा सतारी बनवतात. काकांचे शाळेपासूनचे मित्र, आणि जुन्यांपैकी माळावर उरलेले एवढेच.

"भालू, साक्ष मी दिली होती," चाचा म्हणाले. "दुरुस्तीला येतो संध्याकाळी."

"पंखाला काही झालेलं नाही. हाताला झालंय," काका म्हणाले. "हाताची साक्ष तू दिली नव्हतीस."

साक्ष ही मंडळाची जुनी रीत. विमान सोडण्याआधी ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायचं. त्याने एक डोळा मिटून, पंख उन्हाकडे धरून, कागदातून दिसणाऱ्या फासळ्या बघायच्या: कुठे वळ आहे का, पीळ आहे का. आपलं काम आपल्याला सरळच दिसतं, म्हणून दुसऱ्याचा डोळा. आणि साक्ष दिलेलं विमान पडलं, तर साक्षीदाराने मालकाबरोबर दुरुस्तीला बसायचं. या रितीला मंडळात एकच अपवाद होता. मी सतरा वर्षांची असताना काकांनी माझे पंख बघणं सोडून दिलं. "स्वरूच्या पंखाला साक्ष नको," ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. विद्यापीठाचं पदक मिळालं तेव्हाही मला इतकं उंच वाटलं नाही.

काकांना कंपवात झाला होता. दोन वर्षं झाली. त्यात हाताची थरथर दिसते, पण फेकणाऱ्याचा खरा घात दुसऱ्या गोष्टीने होतो. मेंदू "सोड" म्हणतो आणि बोटं उशिरा उघडतात. तेवढ्या उशिरात विमानाचं नाक खाली वळलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मालनकाकूंनी चहा दिला. कप अर्धेच भरलेले होते.

"सवय झालीय हल्ली," काकू ओशाळं हसल्या. "यांच्यासाठी अर्धा भरते, मग सगळ्यांचाच अर्धा होतो. अजून देते हं."

व्हरांड्यातल्या टेबलावर नव्या विमानाचा सांगाडा होता. लाकूडकाम अजून सुंदर होतं, कारण लाकूड चिमट्यात धरता येतं, वेळ घेता येतो. कागद मात्र एका हालचालीत बसवावा लागतो. टेबलाखाली चुरगळलेल्या पिवळ्या कागदांचे बोळे पडले होते.

"पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे," काका म्हणाले. "डोक्याला भोक पाडून तार घालणार, आणि छातीत बॅटरी. कंप सुरू करणारा जो भाग आहे, त्याला सारखे विजेचे ठोके द्यायचे म्हणजे तो गप्प बसतो. डॉक्टर चांगला आहे. पण मी आयुष्यभर लोखंडाला भोकं पाडली गं. ड्रिल कसं चुकतं ते मला माहितीय."

"काका, आता त्यात मिलिमीटरचाही फरक पडत नाही."

"मी पण पोरांना हेच सांगायचो." ते सांगाड्याकडे बघत राहिले. "डॉक्टर काय करतात, कागदावर गोल काढायला सांगतात. बोटं आपटायला सांगतात. त्यांच्यासमोर हात शहाण्यासारखा वागतो. मला खरं कळतं ते माळावर. विमान खोटं बोलत नाही. हे शेवटचं बनवतोय. हे नीट गेलं तर अजून दम आहे म्हणायचं. नाही गेलं तर जाईन मुकाट्याने टेबलावर."

मला त्यांचं शेवटचं वाक्य ऐकू आलं होतं. अर्थ मात्र मी घेतला नाही. माझ्या मनात एकच चित्र होतं: वीस माणसं दुसरीकडे बघतायत.

"कागद मी चढवून देऊ?" मी विचारलं.

त्यांनी सांगाडा माझ्या हातात दिला. "तूच दे. तुझ्या हाताला सुरकुती माहीत नाही."

घरी आल्यावर मी आधी फिल्म चढवली आणि तिच्यावर पिवळा पतंगाचा कागद. फिल्म पारदर्शक. जोडकाम नेमकं झालं, चिप मधल्या फासळीच्या आड बसली. उन्हाकडे धरलं तरच एक बारीक रेघ दिसत होती, जिथे एकच सावली हवी तिथे दोन. मी स्वतःला सांगितलं, एकच रविवार. एकदा त्यांचं विमान उडू दे सगळ्यांसमोर.

*

पुढच्या रविवारी सलीमचाचांनी साक्षीसाठी हात पुढे केला.

"कागद कुणी चढवलाय बघ," काका म्हणाले. "स्वरूच्या पंखाला साक्ष नको."

चाचांनी हात मागे घेतला. मी तेव्हा बोलू शकले असते.

काकांनी फेकलं. बोटं उशिरा उघडली, मला दिसलं. विमानाचं नाक क्षणभर खाली झुकलं, मग जणू त्याला काही आठवलं आणि ते वर आलं. मोठं, शांत वळण घेत ते बाभळीच्या झाडापर्यंत गेलं आणि तिथून परत फिरलं. खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली. त्यांची स्वतःची विमानं अशीच उडत होती, पण पांगाऱ्याचं, हातानं केलेलं, "बिनफिल्मचं" विमान असं उडालेलं त्यांतल्या बहुतेकांनी कधी बघितलंच नव्हतं. प्रज्वल टाळ्या वाजवत होता.

"म्हातारा अजून आहे!" सलीमचाचा ओरडले. "काय रे भालू, हात सर्व्हिसिंगला दिला होतास काय?"

 काका उजव्या हाताकडे बघत होते. बऱ्याच दिवसांनी पोरगा घरी यावा तसं.

बुधवारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा काकूंनी चहाचा कप पुढे ठेवला. काठोकाठ भरलेला. मी एकदम काकूंकडे बघितलं.

"तुझ्या पायगुणाने हात परत आला गं त्यांचा," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन रद्द केलं. सकाळीच फोन केला दवाखान्यात. मी म्हटलं, अहो, डॉक्टरांना एकदा विचारा तरी. तर म्हणाले, विमानाला विचारलं."

"काकू, पण... एका फेकीवरून..."

"एक कुठली? सोमवारी, मंगळवारी पण गेले होते माळावर. अकरा वेळा उडवलं. सगळं सरळ!"

काका आतून आले. त्यांच्या हातातला कप बशीवर वाजत होता, त्यांना तो ऐकू येत नव्हता. "सोडताना अजून थोडं अडखळतंय असं मला वाटतं," ते म्हणाले. "पण विमान सरळ जातंय म्हणजे वाटण्याला काही अर्थ नाही. आपण मोजमापावर विश्वास ठेवायचा. बरोबर की नाही, शास्त्रज्ञ बाई?"

मी चहा पीत राहिले. गरम होता, जीभ पोळली.

त्या दिवशी मला नीट कळलं की आम्ही काय बनवलं होतं. चूक दुरुस्त करणारी वस्तू चुकीचा पुरावाही पुसते. ज्याची चूक, त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही. मंडळातल्या एकशे चाळीस माणसांना आपला हात कसा आहे हे ठाऊक नव्हतं, आणि त्यांचं काही बिघडत नव्हतं. पण निदान त्यांना फिल्म आहे हे माहीत होतं. काकांच्या हातात मी एक तापमापक दिला होता, ज्याचा पारा मी अठ्ठ्याण्णववर चिकटवून ठेवला होता.

सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी तांत्रिक उपाय शोधला. प्रयोगशाळेतल्या तुकड्यांना फोनवरून मर्यादा घालता येते: दुरुस्ती किती करायची, शून्यापासून शंभरपर्यंत. मी ठरवलं, हळूहळू कमी करत न्यायचं. या रविवारी पन्नास, पुढच्या रविवारी वीस. विमान आपणहून बिघडत जाईल, काकांना आपोआप कळेल, ते परत तारीख घेतील. कुणाला काही कळणार नाही. हा विचार सुचला तेव्हा मला तो हुशारीचा वाटला, हेही लिहून ठेवते.

*

रविवारी काका स्कूटरवरून आले. दोन वर्षं पोत्याखाली झाकून ठेवलेली जुनी पेट्रोलची स्कूटर, मागे मालनकाकू. नव्या गाड्या स्वतःचा तोल सांभाळतात. या स्कूटरला तसलं काही नव्हतं.

"काय रे हे!" सलीमचाचा म्हणाले. "वहिनी, तुम्ही बसलात कशा?"

"मी विचारलं हो, नक्की ना?" काकू उतरता उतरता पदर सावरत म्हणाल्या. "म्हणाले, जो हात विमान सोडतो तो हँडल धरणार नाही का?"

मी खिशात फोन घट्ट धरला आणि मर्यादा पन्नासवर आणली.

काकांनी फेकलं. विमान उजवीकडे कललं, पंखाचं टोक जमिनीला घासलं आणि ते गिरकी खाऊन उलटं पडलं. मोडलं नाही. माणसांनी पुन्हा दुसरीकडे बघितलं. काकांनी विमानाकडे बघितलंच नाही. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात मनगटापाशी धरला आणि ते तसेच उभे राहिले. चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि तेच मला बघवेना. काकू लांबून डोळ्यांवर हात धरून अजून हसतच होत्या. त्यांना कळलं नव्हतं.

मी विमान उचलून आणलं. आणता आणता अंगठा फोनवर सरकवला. शंभर.

दुसऱ्यांदा ते बाभळीपर्यंत गेलं आणि परत आलं.

"पहिल्याला वाऱ्याचा झोत आला ना?" काकांनी मला विचारलं. आवाज बारीक होता. ते उत्तर मागत नव्हते, हात मागत होते.

"हो," मी म्हणाले. "झोत होता."

तोपर्यंत मी गप्प होते. खोटं असं बोलले ते हे पहिलं.

परतताना मी त्यांच्या मागेच होते, माझ्या गाडीवर. मालगाव रस्त्याला लागताना एक वळण आहे, तिथे खडी पसरलेली असते. वळणाच्या आधी मूठ सोडून वेग कमी करावा लागतो. मला मागून स्पष्ट दिसलं. काकांचं डोकं वळलं, खांदा वळला. मूठ सुटली नाही. मेंदूने "सोड" म्हटलं असणार. बोटं उशिरा उघडली. मध्ये पडून तेवढा उशीर भरून काढायला तिथे काहीच नव्हतं.

स्कूटर घसरत कडेला गेली. काका चरात पडले, खरचटलं. काकूंनी पडताना हात टेकला होता. मी पोचले तेव्हा त्या बसलेल्या होत्या आणि स्वतःच्या मनगटाकडे आश्चर्याने बघत होत्या, ते जिकडे वळू नये तिकडे वळलं होतं.

"यांना बघ आधी," त्या मला म्हणाल्या.

*

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बाकावर काका आणि मी बसलो होतो. आत काकूंना प्लास्टर घालत होते. काकांच्या गुडघ्यावर हात होता आणि हाताखाली पायजम्याचं कापड थरथरत होतं.

"विमानाने कसं सांगितलं नाही?" ते म्हणाले. मला नव्हे, असंच.

"काका, त्या पंखात फिल्म आहे."

ते वळले. "कुठल्या?"

"तुमच्या. कागदाखाली. मी चढवली."

 पलीकडे एक आजोबा नर्सशी चष्म्यावरून भांडत होते. मग काका टर्नरच्या वर्गात तोंडी परीक्षा घ्यायचे त्या आवाजात बोलायला लागले.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"अकराच्या अकरा?"

"हो."

"आज पहिलं पडलं, ते?"

"दुरुस्ती अर्ध्यावर आणली होती. फोनवरून."

"आणि दुसरं?"

"परत पूर्ण केली."

"म्हणजे झोत नव्हता."

"नव्हता."

त्यांनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. "मग पहिलं अर्धं माझं होतं. गेल्या आठ दिवसांत तेवढंच." थोड्या वेळाने ते म्हणाले, "का केलंस ते मी विचारत नाही. ते मला कळतं. पण मला वाटत होतं सोडताना अडखळतंय. आतून वाटत होतं. मी त्याला गप्प बसवलं, कारण पंख तुझा होता."

मी रडायला लागले.

"रडू नको. आत ती ऐकेल," ते म्हणाले. "तिला मी सांगू की तू?"

मी सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून त्या बराच वेळ त्यावरची पांढरी पूड झटकत होत्या. मग म्हणाल्या, "मला तरी कानात सांगायचं होतंस गं. मी मागे बसले नसते. यांनाही बसू दिलं नसतं. काहीतरी कारण काढलं असतं." त्या तुटकपणे बोलत नव्हत्या. त्यांना खरंच ते सोपं वाटत होतं. आणि ते तेवढंच सोपं होतं.

*

सोडलेली तारीख दुसऱ्या पेशंटला गेली होती. काकांचा नंबर चार महिन्यांनी लागला. त्या चार महिन्यांत त्यांचं उजवं पाऊल दारात अडकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकतोच, आधी झालं असतं तर हे झालंच नसतं असं सांगता येणार नाही. सांगता येणार नाही, हे वाक्य मी रोज उलटसुलट करून बघते. त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

पीएचडीला मी सहा महिने उशिराने जायचं ठरवलं. काकूंचा हात बरा होईपर्यंत त्यांच्याकडच्या पोळ्या मी केल्या. काका खायचे. "जाड झालीय" म्हणायचे, बाकी फार बोलायचे नाहीत.

प्रयोगशाळेला मी पत्र लिहिलं. फिल्म कशातही बसवा, पण तिच्यात एक लाल पट्टी विणा, झाकता येणार नाही अशी. ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला कळलं पाहिजे की आपली चूक कुणीतरी दुरुस्त करतंय. प्रमुखांचा फोन आला. ते सज्जन आहेत. म्हणाले, "स्वरूपा, चमच्यावर लाल पट्टी असली तर चारचौघांत तो चमचा कोण काढेल? लोकांना थरथर लपवायचीय, म्हणून तर ते घेणार."  मीही लपवण्यासाठीच वापरली होती, फक्त दुसऱ्याची थरथर, दुसऱ्यापासून.

*

ऑपरेशननंतर काका माळावर आले ते फेब्रुवारीत. डोक्यावर लोकरीची टोपी, शर्टाच्या खिशात छोटा रिमोट.

"काय भालू, चार्जिंग केलंस का?" सलीमचाचांनी विचारलं.

"फुल आहे. तुझं बघ तू."

काकांनी उजवा हात पुढे धरला. बोटं उघडली, मिटली. स्थिर होती. मग त्यांनी रिमोट काढून बटण दाबलं. हळूहळू हात थरथरायला लागला, हवेत बारीक लिहिल्यासारखा. पुन्हा बटण. हात शांत. माळावरची माणसं बघत होती, या वेळी कुणी मान वळवली नव्हती.

"आता माझ्यातही दुरुस्ती बसवलीय," काका मला म्हणाले. "चालू आहे की बंद, ते मला माहीत असतं एवढंच."

विमान त्यांनीच बनवलं होतं. कागद त्यांना अजून स्वतः चढवता येत नव्हता, आणि आठवडाभरापूर्वी त्यांनी सांगाडा माझ्याकडे पाठवून दिला होता. चाचांबरोबर, निरोप न देता. मी पिवळा पतंगाचा कागद चढवला. फक्त कागद.

मी विमान त्यांच्या हातात दिलं. ते फेकायला वळतील असं मला वाटलं. काकांनी एक डोळा मिटला, पंख सूर्याकडे धरला आणि बघायला लागले. बुंध्याकडून टोकाकडे, एकेक फासळी. मधल्या फासळीपाशी थांबले. नखाने कागद दाबून पाहिला, खाली अजून काही लागतं का म्हणून. मग दुसरा पंख, तसाच. कागदातून आलेला पिवळा उजेड त्यांच्या गालावर पडला होता आणि त्यात फासळ्यांच्या सावल्या, प्रत्येकीची एकच. सलीमचाचा बाभळीकडे बघत होते.

"चालेल," काका म्हणाले.

त्यांनी फेकलं. बोटं वेळेवर उघडली. विमान तीसेक पावलं सरळ गेलं, मग डावीकडे वळत वळत गवतात पोटावर उतरलं. फार सुंदर नव्हतं. खरं होतं.

"डाव्या पंखाला पीळ आहे," चाचा म्हणाले.

"साक्ष मी दिलीय, दुरुस्तीला मी बसतो," काका म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तू पण ये. संध्याकाळी. काकू थालीपीठ करणारे."

मी गेले. आम्ही शेजारी बसून कागद ओला केला, पीळ काढला. काकूंनी चहा दिला. कप भरलेले होते, माझाही.

मी अजून दोन महिने इथे आहे. दर रविवारी काकांच्या विमानाचा कागद मीच चढवते, आणि दर रविवारी ते तो उन्हाकडे धरून बघतात. दोन्ही पंख, प्रत्येक फासळी, नखाने दाबून. रागाने नाही. विसरत मात्र नाहीत.

आता पंख त्यांच्या हातात देताना मी तो उन्हाच्या बाजूला वळवूनच देते.